मामाचं पोट आणि मासळीचा बर्फ

माझ्या मामाइतका स्वतःवर भरवसा असलेला माणूस येलदरी धरणाच्या काठावर दुसरा झालेला नाही. जाळं टाकायला निघतानाच तो मामीला मसाला वाटायला सांगतो. जाळं रिकामं आलं तर "मासे आज उशिरा उठायलेत" म्हणून त्याच मसाल्यातली वांगी खातो, आणि तीही परातभर. त्यामुळं पोट वाढत वाढत असं झालं, की तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसला की पाणी त्याच्या मांडीवर येऊन बसायचं. शेवटी जोडीदारांनी सांगून टाकलं, "तुमी आता काठावर बसून मासळी तोला. पाण्यात यायचं न्हाई." तेव्हापासून मामा जेवायचा, पण चव सांगायचा नाही.

मी पुण्यात एका दवाखान्यात साफसफाईला आहे. सातवीत शाळा सुटली तेव्हा मामानंच मला इथं आणून सोडलं, आणि मी घाबरून थरथरतोय हे पाहून अंगातला स्वेटर काढून दिला. आमच्याकडं चिरफाड न करता, यंत्रानं थंडी देऊन पोटाची चरबी कमी करतात, हे मी त्याला फोनवर सहज सांगितलं.

"गारच करायचंय न्हवं? मंग बरफ तर आपल्या घरचा हाय की!"

दुसऱ्या दिवशी मामीचा फोन. "तुजा मामा मासळीच्या पेटीतला बरफ गमछ्यानं पोटाला बांधून बसलाय. गल्लीतली समदी मांजरं जमायलीत."

मी मामाला फोन द्यायला लावला. "मामा, सोडा ते! आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, बर्फानं कातडी जळती. यंत्राची थंडी मोजून देतात."

"भिऊ नको भाच्या. चरबी भ्यायलीय, तू कशाला भितूस?"

"अन् यंत्रानंबी घेर थोडा उतरतो, मामा. वजन न्हाई उतरत."

पलीकडं मामानं एक मांजर हुसकावलं.

"वजन तेवढंच ऱ्हातंय?"

"तेवढंच."

"मंग तराफ्याला काय कळणार?" म्हणत त्यानं गमछा सोडला.

पोटावरचा लाल चट्टा बघायला जोडीदार आले, पोट धरून हसले, आणि जाताना त्याच्या तराफ्याखाली थर्माकोलचा आणखी एक थर बांधून गेले. मामा पुन्हा पाण्यात जातो. मासे आपली वाट बघत होते, असं सांगतो.

इकडं दवाखान्यातल्या एसीत मी अजून तोच स्वेटर घालतो. खांद्याला आता बरोबर बसतो. पोटापाशी मात्र मामाएवढी जागा मोकळी राहते.