वाट विचारणारे नाना

ज्या रस्त्यावर नानांचा जन्म गेला, त्या रस्त्यावरही ते वाट विचारत. माणगावहून हरिहरेश्वरला निघालो की आधी पानवाल्यापाशी गाडी थांबायची, मग म्हसळ्याच्या रिक्षावाल्यापाशी. "पुढं रस्ता ठीक हाय ना?" मागच्या सीटवर आम्ही ऑफिसातली पोरं कपाळाला हात लावायचो. "काल व्हता तसा रस्ता आज असंलच असं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि कुठे तरी मोरी खचलेली निघाली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आमची इंटरनेट पुरवणारी कंपनी तशी लहानच. माणगावपासून किनाऱ्यापर्यंतचं तिचं सगळं जाळं नानांनी उभं केलेलं, आणि तेही त्यांच्याच स्वभावावर गेलेलं. गावोगावच्या प्रत्येक राउटरने डेटाचा पत्ता नव्याने वाचायचा आणि जवळची वाट बघून पुढे धाडायचं. मी कॉलेजातून लेबलांचं तंत्र शिकून आले होते. त्यात पहिला राउटर डेटावर लेबल चिकटवतो. पुढचे पत्ता वाचत बसत नाहीत, लेबल बघून ठरलेल्या वाटेने पाठवतात. मी हे महिनोन् महिने नानांच्या कानीकपाळी ओरडत होते.

"उद्या तू दुसरीकडं गेलीस, तर तुझी लेबलं सोडवायची कोनी?" ते म्हणायचे.

"आणि तुम्ही गेलात तर?"

"म्हनून तर साधं ठेवलंय." एवढं बोलून डब्यातलं घावन माझ्यापुढे सरकवायचे. भांडण तिथेच संपायचं, कारण घरून काकूंनी दिलेल्या घावनापुढे मला चिडता येत नसे.

अडलं ते हरिहरेश्वरकडच्या एका दवाखान्यापाशी. तिथले डॉक्टर छातीत दुखणाऱ्या पेशंटला व्हिडिओवरून मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवत. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या व्हिडिओंनी म्हसळ्याची जवळची लाइन तुडुंब भरे आणि चित्र अडकून बसे. किनाऱ्याने वळसा घालून येणारी आमची दुसरी लाइन मात्र रिकामी. जवळची चालू असताना तिच्याकडे कोण बघणार? नाना एका रविवारी त्या दवाखान्यात जाऊन बसले. परत आले ते डबा न उघडताच माझ्या टेबलाशी उभे राहिले. "लाव तुझी लेबलं. पन दवाखान्यापुरतीच. आनि मी हात लावनार न्हाय, सांभालायचं तुझं तू."

मी दवाखान्याला वळशाच्या वाटेवर घातलं. नाना शेजारी खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक पायरीला विचारत राहिले, "आता ह्ये कुठं जानार?" विद्यार्थ्यासारखे. मला ते त्या दिवशी फार आवडले.

पुढे ते निवृत्त होऊन नागावला आपल्या नारळाच्या वाडीत राहायला गेले. कुठे चालू आहे नि कुठे अडलंय ते हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवणारा जाळ्याचा नकाशा तेवढा त्यांच्या फोनवर राहिला. त्यानंतरच्याच एका रविवारी, भर दुपारी, वळशाच्या लाइनवरचा राउटर बंद पडला. दवाखान्याचा डेटा म्हसळ्याच्या गर्दीत येऊन आदळला आणि डॉक्टरांचा फोन आला, "पेशंट टेबलावर आहे, चित्र हलत नाही." मी नानांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, तरी तेच. फोन बाजूला ठेवला. त्या गर्दीच्या लाइनवरच दवाखान्यासाठी नवं लेबल बांधलं, त्याला पुढचा मान दिला, पर्यटकांचे व्हिडिओ मागे सारले. चित्र हललं. संध्याकाळी डॉक्टरांनी कळवलं, पेशंट बरा आहे.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत नागाव गाठलं. नाना वाडीत पाणी लावत होते. "फोन का नाही उचललात?"

ते आळ्यात पाणी वळवत राहिले. बोलल्या त्या काकू. "हातातच व्हता गं फोन. वाजत व्हता नि ह्ये त्याच्याकडं बघत व्हते. जेवनाचं ताट तसंच. फोनातला दवाखान्याचा लाल ठिपका हिरवा झाला, तवा म्हनले, वाढ आता."