फाटकमावशीची दोन बोटं

फाटकमावशी कुत्र्यांचं पाळणाघर चालवायची, आणि वर्षभर तिच्या डोक्यात एकच गिऱ्हाईक घर करून बसलं होतं: बंगल्यातली बाई. बोलायला लागली की वाटावं, जिभेवर साय ठेवलीये. गेल्या वर्षी "अहोऽ मावशी, आमचं बाळ ना, अग्गदी ठणठणीत!" म्हणत तिनं आपला गुबगुबीत कुत्रा सोडला आणि भुर्रकन सहलीला गेली.

संध्याकाळी बाळानं सूर लावला. खॅक्! खॅक्! हुंऽक्! शेवटी पांढरा फेस. मावशीला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. मग बाळाच्या पिशवीत पांघरुणाखाली माणसांच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली सापडली. खोकला दाबून बाई त्याला सोडून गेली होती!

आठवड्याभरात सहा कुत्री त्याच सुरात गाऊ लागली. धडधाकट होती ती हळूहळू सावरली. मावशीच्या स्वतःच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मात्र दुखणं छातीत उतरलं. चौदा वर्षांची सोबत चार दिवसांत संपली. बाई परतली ती काय म्हणाली? "इश्श! खोकला तुमच्याकडेच लागला हो आमच्या बाळाला!" चोराच्या उलट्या बोंबा!

तेव्हापासून नियम. फाटकातच मावशी कुत्र्याची श्वासनळी दोन बोटांनी हलकेच दाबून बघणार. खोकला आला, की मालकासकट परत.

आणि परवा सकाळी बाई आली. गाडीत बॅगा, नवरा. फाटकाशी चार गिऱ्हाईकं उभी.

"मावशीऽ, दुपारचं विमान आहे हो! आमचं बाळ ना, अग्गदी—"

"ठणठणीऽत!" मावशी म्हणाली, हुबेहूब बाईच्या आवाजात. रांग फिसकन हसली.

दोन बोटं. खॅक्! खॅक्! हुंऽक्!

चौघांनी आपापली कुत्री उचलून छातीशी धरली.

"कुठ्ठेच घेत नाहीत हो याला!" बाई कळवळली.

"घेतील कसे? गावातल्या सगळ्या पाळणाघरांना मीच शिकवलंय, बोटं कुठे ठेवायची ते."

बाळ मावशीचा हात चाटत होतं. त्याच्यावर तिचा राग नव्हताच. घशाला काच नको म्हणून तिनं त्याच्या गळ्यातला पट्टा काढला, छातीला बांधायचा चढवला आणि बाईकडे वळली.

"आजच डॉक्टरला दाखवा. रोज दोनदा न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडायची आणि याला घेऊन बसायचं. तुम्ही स्वतः. दोन आठवडे दुसरं कुत्रं जवळ नको. जेवण सोडलं, ताप आला, धाप लागली, तर पुन्हा तडक डॉक्टर. आणि माणसांचं औषध पाजलंत, तर माझ्याशी गाठ आहे!"

"अहो, पण विमान?"

"विमानाला कुठे खोकला झालाय? त्याला जाऊ द्या."

नवरा गाडीतून उतरला. मावशीला वाटलं, आता हा भांडणार. त्यानं मुकाट्यानं बायकोची बॅग खाली ठेवली. "तिकीट कशाला फुकट घालवायचं? मी जातो. तू थांब बाळापाशी." गाडी गेलीसुद्धा.

"निदान टॅक्सी तरी बोलावून द्या हो," बाई म्हणाली. साय पार नासली होती.

"खोकणारं कुत्रं कोण बसवून घेईल? चालत जा. आणि सावकाश हं, पळवलंत तर ढास लागेल त्याला."