न पाहिलेल्या घरावरचा शेरा

पडद्यावर माझा फोटो आला आणि फोटोखाली तीन ओळी. खेळ: ए. घर: डी. एकूण: सी. त्यातला डी लाल रंगात होता आणि सगळ्यांत मोठा. आदिलाबादच्या त्या हॉलमध्ये पालकांच्या रांगेत बसलेली माझी माय टाळ्या वाजवायला लागली. एकटीच. तिला वाचता येत नव्हतं. एवढं मोठं अक्षर म्हणजे पोरीनं काहीतरी मोठंच केलं असणार, असं तिला वाटलं. मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी स्टेजवर नव्या जर्सीत उभी होते. खाली उतरून मायचे हात धरावेत असं वाटलं. धरले नाहीत. उलट मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

हैदराबादचा एक फुटबॉल क्लब होता, पगार देऊन पोरी खेळवणारा. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून आठ नव्या पोरी निवडायचा आणि मग पाहुण्यांसमोर त्या तुकडीच्या ग्रेड जाहीर करायचा. कापसाच्या ढिगात हात घालून व्यापारी प्रत ठरवतो, तशी आमची प्रत ठरायची. ज्यानं आम्हाला निवडलं तो मॅनेजर माइकवर होता. माझा शेरा त्यानं हिंदीत वाचला. "लड़की मेहनती है, कहना मानती है. डिफेन्स में अच्छी रहेगी."

मी फॉरवर्ड होते. शाळेच्या संघात पुढं, मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, संघात पुढं, निवडचाचणीतही पुढंच. गोल मारायचा सोडून मला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं.

हे 'घर' कुठून आलं ते सांगते. चाचणी झाली की क्लबची माणसं निवडलेल्या प्रत्येक पोरीच्या घरी जायची. त्याला घरभेट म्हणायचे. आईबाप कसे, वातावरण कसं, पोरगी टिकेल का, हे बघायला. आमचं गाव भीमपूरकडचं, बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. घरभेटीच्या दिवशी मायनं कापूस वेचायला जाणं बुडवलं. पहाटेच घर सारवलं. शेजारून दोन खुर्च्या आणल्या. पोहे भिजवून ठेवले. मी जिंकलेला पितळी कप तिनं चिंचेनं घासून दारासमोरच्या फळीवर ठेवला, आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून.

दुपारी गावात जीप आली. पटेलांच्या दारात थांबली. पटेल म्हणजे ज्यांच्या शेतात माय कापूस वेचायची, ते. आम्ही वाट पाहिली. तासाभरानं जीप धूळ उडवत परत गेली. पोहे आम्ही संध्याकाळी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी शेतात पटेल मायला म्हणाले, "आले होते तुह्या पोरीचे साहेब. मी सांगतलं सगळं. तिकडं कायले नेऊ त्याईले?"

मायनं ते ऐकलं, पण खरं धरलं नाही. हॉलमधून परत येताना बसमध्ये मी तिला सांगितलं की डी म्हणजे सगळ्यात खालचं, आणि ते घराला दिलंय.  ती म्हणाली, "भिंतीचे पोपडे पाह्यले असतीन त्याईनं."

"माय, कोणी आलंच नाई आपल्या घरी."

"असं कसं? एवढे मोठे साहेब न पाह्यताच लिहतीन का वो? बाहेरून पाहून गेले असतीन. माह्याच घरानं तुले पाडलं, बाई."

कागदावर लिहिलंय म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं असणार, असा तिचा विश्वास. ज्याला आयुष्यभर कागदानं दारातूनच हाकललं, त्यालाच कागदाचा एवढा धाक असतो. तिनं कधी साहेबांना दोष दिला नाही. पटेलांनाही नाही. भिंतीला दिला. त्यानंतर दरवर्षी घरभेटीच्या हंगामात ती चुन्याचं डबडं घेऊन बसायची आणि घर पांढरं करायची. माझी निवड होऊन गेलेली. आता कुणी येणार नव्हतं. तरी. मी चिडायचे. एकदा तर मी तिच्या हातातला कुंचला हिसकावून अंगणात फेकला. तिनं उठून तो उचलला, झटकला आणि पुन्हा कामाला लागली.

क्लबमध्ये मी सहा वर्षं मागं खेळले. चेंडू घेऊन मधली रेघ ओलांडली की बाकावरून ओरड यायची, "अपनी जगह पे रह!" मी माघारी यायचे. पुढं ज्या पोरी होत्या त्यांचे गोल चुकले तर त्यांची पाठ थोपटायचे. मला एकदा तरी पुढं खेळवा, असं मी कोचना दोनदा म्हटलं. दोनदा हसले ते. मग गुडघा गेला आणि मी परत आले. आता जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत कंत्राटावर खेळ शिकवते.

माय गेल्या वर्षी गेली. तिला आंघोळ घालताना बोटांच्या भेगांत चुना होता. तो निघेना. मी घासत बसले, शेवटी बायकांनी मला बाजूला केलं.

यंदा क्लबनं मलाच निवड समितीवर बोलावलं. मॅनेजर तोच, केस पांढरे झालेले. तक्ता कसा भरायचा ते कळावं म्हणून त्यानं जुन्या कागदांची फाईल दिली. त्यात माझा कागद होता. घरभेटीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'घरी गेलो नाही. पटेलांकडे चौकशी. मजुराची पोरगी, सांगितलं ते निमूट करते. पुढं खेळवण्यासारखी नाही.' खाली मॅनेजरची सही.

दोष भिंतीचा नव्हता, हे मायला पटवणारा कागद हा होता. एक वर्ष उशिरा आला. मी फाईल छातीशी धरून त्या ऑफिसात रडले. मॅनेजर कुणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगत होता.

आठवड्यानं आम्ही बाजारहत्नूरकडच्या एका गावात गेलो. चाचणीतली सगळ्यात चांगली फॉरवर्ड तिथली होती, शेतमजुराची पोरगी. जीप एका मोठ्या घराच्या अंगणात वळली. खुर्च्या आल्या. मालक आमच्यासमोर बसला. "चांगली हाय पोरगी," तो म्हणाला. "तिची माय आमच्याकडंच निंदाले येते. गरीब हाय, उलटून बोलत नाई."

मॅनेजरनं माझ्यासमोर तक्ता सरकवला. "लिखिए."

"तिच्या घरी चला," मी म्हणाले.

"टाइम नहीं है. यहाँ सब पता चल जाता है."

मी घराच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. खेळासमोर ए लिहिलं, जागेसमोर फॉरवर्ड. मालकाकडे बघून म्हणाले, "ही पोरगी कशी खेळते हे तुमी पाह्यलं काय? नसंन पाह्यलं तर तिच्याबद्दल बोलू नका." मग सही केली.

मॅनेजर हिंदी सोडून एकदम सावकाश मराठीत बोलला. "तुम्हाला इथं बसवलं, तुमच्या लोकांचा मान ठेवला. आणि तुम्ही हे करता?"

"माह्या लोकांच्या घरी तुमी अजून गेलेच नाई," मी म्हणाले आणि उठले.

जीप मला तिथंच सोडून गेली. मी चालत त्या पोरीच्या घरी गेले. तिच्या आईला म्हणाले, घरात काही कमी नाही. तिनं घाबरून विचारलं, साहेब कधी येणार. 

दोन दिवसांनी यादी आली. माझा तक्ता त्यांनी फेकून दिला होता. दुसऱ्याच्या सहीनं तिला सी मिळाला. जागा: डिफेन्स. समितीतून माझं नाव गेलं.

मी हरले. ती पोरगी माझ्यामुळं वाचली नाही. तिनं मला विचारलं, "मॅडम, मी जाऊ का नको?" मी म्हणाले, जा, आणि मधली रेघ ओलांड. ओरडले तर ओरडू दे, परत फिरू नको.

आणि मी? पुढच्या वर्षी चाचणी झाली की ज्या ज्या गावात जीप जाईल, तिथल्या मालकाच्या दारात मी आधीच उभी असेन. माझ्या शाळेच्या पोरी बरोबर असतील. जीप त्या अंगणात वळू देणार नाही. अंगावर घातली तरी हलणार नाही.