साव्वा आणि चांदीची वाटी

तुम्ही दोघं भावंडं रशियात वाढताय, म्हणून हे लिहून ठेवते. साव्वा, हे तुझ्या नावाबद्दल आहे. बाबांकडून वाचून घ्या.

तू झालास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गुजरीत, सराफांच्या गल्लीत गेले. आपल्या घरात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, आणि तुझे आजोबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चांदीची वाटी निवडली आणि त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे ठेवलं. मी इंग्रजी शाळेत शिकले, तरी बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये हे आयुष्यभर पाळलं.

सराफ म्हणाला, "आजी, बारशाआधी नाव कोरत न्हाईत. बाळाची आत्या काय म्हणंल?"

"आत्या माझीच मुलगी आहे. कोरा."

तुझ्या बाबांना विचारायचं मला सुचलंच नाही. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "आई, नाव साव्वा ठेवतोय. हिच्या पणजोबांचं."

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. लावलेलं कपाट पुन्हा उपसलं. चहा टाकला आणि विसरले. शेवटी वही घेतली, समास आखला आणि नावाची माहिती जमवायला बसले. साव्वा मूळचं अरामी भाषेतलं. अर्थ म्हातारा, आजोबा. ग्रीकांकडून चर्चबरोबर ते रशियात गेलं. सर्बियात ते सावा झालं. लाडाने साव्वुश्का, सलगीने साव्का. साव्वाती हे नाव जवळचं वाटतं, पण त्याचा संबंध शब्बाथाशी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वाराशी लावतात. बापाचं नाव मधे घालायची रीत तिकडेही आहे, तुझ्या मुलाला साव्विच म्हणतील. हल्ली हे नाव फार थोड्यांचं असतं म्हणे.

'आजोबा' या शब्दाखाली मी रेघ मारली. पण आजोबा कुणाचेही असतात. मला आमच्या घरातले हवे होते.

बारशाच्या सकाळी मुलीला म्हटलं, "फोन बाळाच्या कानाशी नेला की आधी तुझ्या बाबांचं नाव सांग, मग त्यांनी ठरवलेलं. कुणाला ऐकू जातंय?"

"म्हणजे पोराच्या कानात चोरून नाव घालू व्हय? एवढं वाटतंय तर तूच सांग की."

फोन लागला. तुझ्या आईने तिकडचा फोन तुझ्या कानाशी धरला आणि मुलीने इकडचा माझ्या तोंडासमोर. नाव जिभेवर आलं होतं. पण पन्नास वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते तेव्हाही निघालं नाही. मी मान हलवली. मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, "कुर्रर्र... साव्वा."

रीतीप्रमाणे मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

"आई गं, लागलं की! माझ्यावर कशाला राग काढतेस?"

त्यानंतर वाटी दोनदा गुंडाळली, दोनदा सोडली. कोरलेलं नाव घासून काढायला गुजरीत निघालेही होते, कोपऱ्यावरून परतले. आज ती आहे तशीच पाठवते आहे. तिच्यातून खीर खा. आणि साव्वा, देवनागरी वाचता यायला लागलं की वाटीवर काय लिहिलंय ते मला फोनवर मोठ्याने वाचून दाखव. या घरात ते नाव बऱ्याच दिवसांत कुणी घेतलेलं नाही.