निळ्या ॲम्बॅसेडरचं पॉलिश

आमच्याकडे ॲम्बॅसेडर आली तेव्हा ती निळी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नव्हतं. उन्हाने रंग पार विटला होता. टपावरून बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी हाताला लागायची. यांच्या अंबडच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी ती विकायला काढली आणि आम्ही दोघांच्या पगारातून घेतली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. शरणपूर रोडच्या आमच्या भाड्याच्या घराला मागे पत्र्याची शेड होती, तिथे गाडी उभी राहिली.

गाडी धुणं हे यांचं काम ठरलं होतं. हे बादलीभर पाणी मारायचे, एकच फडकं टपापासून चाकापर्यंत फिरवायचे आणि पेपर वाचायला बसायचे. मला ते बघवेना. एका रविवारी मीच पदर खोचला.

द्वारकेजवळच्या एका गाड्या रंगवणाऱ्याकडून मी लाल रंगाची घासायची पेस्ट आणली. "हलक्या हातानं घासा बाई," एवढंच तो म्हणाला. हलका म्हणजे किती, ते काही त्याने सांगितलं नाही. मी भर उन्हात बॉनेटवर पेस्ट थापली आणि भांडी घासतात तशी घासत सुटले. पेस्ट वाळून कडक झाली. कडेचा रंग उडाला आणि खालचा राखाडी थर उघडा पडला. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे हसले. "पत्रा आहे गं तो. देऊ रंगवून."

पण मला ते शिकायचंच होतं. भंगार बाजारातून मी एक जुना दरवाजा आणला, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवला आणि शाळेतून आल्यावर त्याच्यावर हात बसवायला लागले. पत्रा सावलीत थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. वहीच्या पानाएवढाच भाग घ्यायचा. कापड किंचित ओलं हवं. कडांवर रंग पातळ असतो, तिथे जपून. जुन्या रंगाचा मेलेला थर निघायला लागला की फडकं निळं होतं, आणि बरं वाटतं. मात्र त्या निळ्याची हाव धरायची नाही, कारण तो पुन्हा भरून येत नाही.

सगळ्यात जास्त छळलं गोल रेघांनी. सावलीत पत्रा छान दिसायचा आणि उन्हात आणला की कोळ्याने जाळं विणल्यासारख्या बारीक रेघा उठायच्या. मी गोल गोल घासायचे म्हणून त्या पडत होत्या. मग सरळ, लांब हात मारायला लागले, एकाच दिशेने. जाड्याभरड्या फडक्याऐवजी यांची जुनी बनियनं आणि शेवटच्या हाताला मलमलीचा तुकडा. वर्गात मुलींना मी सांगायचे, भांडं काढताना आधी त्याच्यावर उजेड कुठे पडलाय ते बघा. तेच इथे कामाला आलं. शेडच्या समोर स्वयंपाकघराची खिडकी होती. तिचे गज गाडीच्या दारात सरळ दिसले तर हात बरोबर पडलाय, लाटेसारखे वाकडे दिसले तर पुन्हा घ्यायचं.

एक अख्खा हिवाळा असा गेला. शेजारच्या बायका आधी हसल्या, मग कुंपणापाशी उभ्या राहून बघायला लागल्या. होळीच्या सुमाराला गाडी मोकळ्यावर काढली तेव्हा तिचा रंग रात्र पडायच्या आधीच्या आभाळासारखा गडद झाला होता. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या हिचं काम आहे हे. गॅरेजवाला झक मारेल." मला ते ऐकायला आवडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या एखाद्या कामाबद्दल हे चारचौघांत असं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या वर्षी, परीक्षांचे पेपर तपासून संपले होते त्या दिवसांत, यांच्याबरोबर एक गृहस्थ घरी आले. मखमलाबादकडे गुलाब आणि झेंडूची शेती करणारे, पांढरा सदरा, बोलायला अगदी साधे. "कामानिमित्त ओळख झालीय. गाडी बघायची म्हणाले, तुझं काम ऐकून," हे म्हणाले. मी चहा केला. मग शेडमध्ये जाऊन सगळं दाखवलं.

"बॉनेटचा रंग मूळचाच हाय का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"मूळचाच. फक्त ही कड माझ्याकडून गेली होती, तेवढी रंगवून घेतलीय. बाकी कुठेही पत्रा ठोकलेला नाही. हे बघा, इथून वाकून बघा, प्रतिबिंब कुठे तुटतं का?"

ते वाकले. मी त्यांना दारं, डिकी, चाकांवरचे पत्रे, सगळं फिरून दाखवलं. पावसाळ्याच्या आधी मेणाचा हात देते, चिमणीची घाण दिसली की लगेच ओल्या कापडाने उचलते, घासत नाही, हेही सांगितलं. हे मागे हाताची घडी घालून उभे होते आणि मध्येच म्हणायचे, "सांग ना, मेणावर पाणी ठरत नाही ते सांग." मी सांगत गेले.

मे महिन्यात माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी नांदगावला गेले. परत आले तर शेड रिकामी. "इंजिनाचं काम काढलंय, गॅरेजला दिलीय. वेळ लागेल," हे म्हणाले. मला शंका यायचं कारण नव्हतं. उलट, इतके दिवस गॅरेजच्या धुळीत राहून काय होणार म्हणून मी नवं मलमल आणलं, फाडून, धुऊन, वाळवून ठेवलं. रोज विचारायचे, झालं का काम? हे म्हणायचे, एक पार्ट मुंबईहून यायचाय.

पुढे एका रविवारी सकाळी दारात ओळखीचा हॉर्न वाजला. मी हात पुसत धावत बाहेर गेले. गाडी आमचीच होती. चालवत होते ते फुलवाले गृहस्थ. बॉनेटवर झेंडूचे पिवळे डाग पडले होते, पूजेचा ओला हार तसाच राहिला असणार.

"वहिनी, तेवढे डाग निघत नाय बघा," ते उतरत म्हणाले. "साबणाची पावडर लावून बघितली. मग म्हटलं, सायबांनी सांगितलंच व्हतं, महिन्यातून एकदा वहिनी हात मारून देतील, तर घेऊन यावं."

मला आधी वाटलं, गॅरेजातून आणून द्यायला आलेत. मी म्हणाले, "यांनी तुम्हाला पाठवलं का? इंजिनाचं झालं?"

"कसलं इंजिन? गाडी आमी घेतली ना वहिनी. अक्षय तृतीयेला नेली." आणि मग, माझा चेहरा बघून, अगदी हळू आवाजात, "तुमाला ठावं नव्हतं?"

हे पेपर हातात धरून उंबऱ्यात उभे होते. यांनी सगळं ऐकलं होतं.

मी गाडीला हात लावला नाही. लावला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. म्हणाले, "दादा, पावडर पुन्हा लावू नका. रंग खाईल. मऊ कापडाने, थोडी पेस्ट, सावलीत. जोर करू नका. तुमची काही चूक नाही. पण मी हात मारायला येणार नाही, आणि तुम्हीही गाडी इथे आणू नका."

"अगं, माणूस दारात आलाय," हे म्हणाले.

त्या गृहस्थांनीच हात जोडले. "ऱ्हाऊ द्या सायेब. मला म्हाईत असतं तर आलो नसतो." गाडी मागे घेताना ते इतके गोंधळले की फाटकाला घासता घासता वाचली.

आत आल्यावर मी एवढंच विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू रडारड केली असतीस. इंदिरानगरला प्लॉट मिळत होता, थांबायला वेळ नव्हता. घर काय माझ्या एकट्यासाठी आहे? तुझ्यासाठीच ना?"

"मग त्या दिवशी मला त्यांच्यासमोर का उभं केलंत? मला वाटलं ते माझं काम बघायला आलेत."

यांनी पेपरची घडी घातली. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत काढतात तसा होता. "तुझ्याइतकं चांगलं कोण सांगणार होतं?"

गाडी गेली याचं दुःख मी कदाचित पचवलं असतं. दोघांच्या पैशांची होती, प्लॉटही दोघांसाठी होता, विचारलं असतं तर बहुतेक मी हो म्हणाले असते. पण तो चहा, ते वाकून दाखवलेलं प्रतिबिंब, मागून येणारं ते "सांग ना", हे सगळं मला परत परत आठवायला लागलं. त्या आधीची कौतुकंही मग संशयाची झाली. त्यातलं खरं किती आणि गिऱ्हाईक आणण्यासाठीचं किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. महिन्यातून एकदा माझा हातही यांनी गाडीबरोबर देऊन टाकला होता, मला न विचारता.

इंदिरानगरला घर झालं. चांगलं झालं. तेव्हा तिथे घराघरांच्या मध्ये मोकळी रानं होती आणि खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. पुढच्या काही वर्षांत मी पॉलिशच्या डब्याला हात लावला नाही. मग शाळेतल्या एका बाईंच्या भावाची जुनी काळी गाडी त्यांच्याकडे आली. तिचा रंग बघून त्या हळहळत होत्या. मी न राहवून म्हणाले, मी करून बघू का? शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायला लागले. हात विसरला नव्हता. त्या स्टुलावर बसून वह्या तपासायच्या आणि मी दारावर सरळ हात मारत राहायचे. संध्याकाळी त्या म्हणायच्या, "छान झालं हो," आणि मी मान हलवून फडकी गोळा करायचे. पूर्वीसारखं पोटातून हसू यायचं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता यांनी नवी, छोटी, पांढरी गाडी घेतली. पेढे आणले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. एका रविवारी अंगणात पाण्याची बादली भरून म्हणाले, "हिला कधी हात लावणार तू?"

"वेळ नाही," मी म्हणाले आणि भाजी निवडत राहिले. मग हे स्वतःच फडकं पिळून टपावरून फिरवायला लागले, गोल गोल.