कड्याखालचे रोडगे

माझ्या हातचे रोडगे कधी जळत नाहीत, अशी माझी अकोल्यापासून अमरावतीपर्यंत ख्याती आहे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सारखे फिरवत राहायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं आणि मग माझ्याशी बोलावं.

ही ख्याती मला भाच्यामुळे मिळाली. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, अमरावतीचा. लहानपणी विहिरीत उतरायचा, मोठेपणी कड्यांवरून उतरायला लागला. "वऱ्हाडात कुठले आलेत डोंगर?" असं कुणा पुण्याच्या पाहुण्यानं विचारलं की हा त्याला चिखलदऱ्याच्या अलीकडच्या एका कड्यावर नेई आणि दोराला बांधून खाली सोडून देई. पाहुणा पुन्हा तो प्रश्न विचारत नसे.

दर हिवाळ्यात एका रविवारी तो वीस-पंचवीस पोरंपोरी घेऊन त्या कड्यावर जाई. गोवऱ्या प्रत्येकानं घरून आणायच्या. एका पोरीनं लॅपटॉपच्या बॅगेतून चार गोवऱ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या, ते दृश्य मी विसरणार नाही. नियम एकच होता: जो दोरानं खाली उतरेल त्यालाच रोडगा. पायवाटेनं आलेल्याला नुसती भाजी.

या नियमातून मी तेवढा सुटलो होतो, कारण मी आचारी. आचारीच दोरावर लटकला तर विस्तव कोण सांभाळणार? मुद्दा बिनतोड होता, पण भाचा ऐकतो कसला!

"मामा, काहून भेता? खुर्चीत बसल्यासारकं मागं बसाचं, बस्स. हाफिसात इतके वर्स तुमी दुसरं काय केलं?"

मी सरकारी कचेरीत कारकून होतो, हे खरं. पण ती खुर्ची जमिनीवर होती.

"पुढच्या साली उतरतो ना बे," मी म्हणायचो.

"नक्की?"

"नक्की."

माझी बहीण मात्र कड्यावर कधीच आली नाही. मी तिला बाई म्हणतो. बाईनं पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "माह्याच्यानं ते पाहवत नाई, दादा. तू आहे ना तिथं? तूच त्याच्यावर नजर ठेव." मी "ठेवतो" म्हणालो. संध्याकाळी तिचा फोन यायचाच. कसा उतरला? मी सांगायचो, एकदम झक्कास!

तो सगळ्यांत शेवटी उतरायचा. वरून आरोळी यायची, "जय भीम, मामा! उतरून राहिलो!" मी खालून "ये, ये" म्हणायचो आणि रोडगे फिरवायला लागायचो. त्याचे बूट विस्तवाशेजारी टेकले की मग मान वर करायची.

सव्विसाव्या वर्षी तो गेला. कड्यावरून नाही, डेंग्यूनं. आठवड्याभराच्या तापात. ज्याचं एवढाल्या दगडांनी काही वाकडं केलं नाही त्याला एका डासानं न्यावं, याचा मला आजही संताप येतो. घरात डास दिसला की मी चप्पल घेऊन भिंतीमागून भिंत बडवत सुटतो.

काही महिन्यांनी बाई एसटीनं अकोल्याला आली. पिशवीतून तिनं कमरेला बांधायचा पट्टा काढला, उतरताना दोर ज्याला अडकवतात तो. कोरा करकरीत.

"हा कोनाचा, दादा? त्याच्या कमरेले तं दोन येढे होतील."

पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेनानं लिहिलं होतं: मामा, पुढच्या साली नक्की. माझ्या पोटाचा घेर त्यानं नुसत्या नजरेनं अचूक मोजला होता. आम्ही दोघं हसलो, मग दोघंही रडलो.

"आता जाचंच तुले," बाई म्हणाली. "मीबी येईन. रोडगे मी पाहीन."

त्या हिवाळ्यात त्याच्यासोबत येणाऱ्या पोरांनी तो पट्टा चढवून मला कड्याच्या टोकाशी दोराला बांधलं. मीही लहानपणी दगडांना धरून विहिरीत उतरलेला माणूस, म्हणून सवयीनं दगडालाच मिठी मारली. पोरं ओरडायला लागली, "मामा, दगड सोडा! मागं बसा!" मी डोळे मिटले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडलो, "जय भीम, बाई! उतरून राहिलो!"

आणि बसलो. खरंच खुर्ची होती हो! हात असलेली, पाठ असलेली, कचेरीतल्यापेक्षा बरी. मध्यावर थांबून मी चक्क इकडेतिकडे पाहिलं. समोर सगळा मेळघाट पसरला होता. हे एवढं तो दर वर्षी मला देऊ बघत होता आणि मी गोवऱ्यांची सबब सांगत होतो. दोरावर लटकल्या लटकल्या मी स्वतःला चार अस्सल वऱ्हाडी शिव्या दिल्या आणि मजेत खाली आलो.

खाली बाई हातात चिमटा धरून उभी होती. मान अजून वरच. विस्तवातल्या रोडग्यांचा पार कोळसा झाला होता.

"सारे जळले, दादा," ती म्हणाली. "वरून नजरच हटली नाई माही. तुह्ये काहून नव्हते जळत रे?"

इतकी वर्षं फोनवर झक्कास म्हणत आलो होतो. आता ते तोंडातून निघेना.

"मी कधी वर पाह्यलंच नाई, बाई," मी म्हणालो. "भेव वाटे. एकदाबी नाई पाह्यलं त्याले उतरताना."

मग तिनं एक काळा रोडगा उचलला, फोडला, आतला पांढरा भाग शोधून काढला, त्यावर तूप घातलं आणि माझ्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "दोरानं उतरला ना तू."