गार अर्काचे भावोजी

महाड-पोलादपूर पट्ट्यात रागाचं माप ठरवायचं झालं, तर ते आमच्या भावोजींवरूनच ठरवावं लागेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. निवृत्त होताना तिथलं भंगारात काढलेलं यंत्र ते घरी घेऊन आले. स्टीलचा टोपच म्हणा, फक्त त्यातल्या पाण्यात ध्वनिलहरी सोडता येतात. कारखान्यात त्यात काचसामान धूत. भावोजी जांभळाच्या बियांची पूड घालून अर्क काढू लागले. लहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात, बियांतलं औषध मोकळं होतं, उष्णता लागतच नाही, हे ते भेटेल त्याला रागावून सांगत. उकळणारा प्रत्येक माणूस त्यांचा वैरी. काढा पिणाऱ्या शेजाऱ्याला ते तोंडावर "औषधाचा खुनी" म्हणाले. स्वतःला चहा मात्र खळखळ उकळलेलाच लागे, आणि हे मी बोलून दाखवल्यावर महिनाभर मला तो मिळाला नाही. मलाही त्यांचा संताप येई, खोटं कशाला सांगू?

बिया पोलादपूरकडच्या एकाच झाडाच्या. यंदा झाडाचा मालक पिशवी ठेवत म्हणाला, "झाड रस्त्यात गेलं, सायब. पुढल्या वर्षी बिया नाय." भावोजी रस्त्यावर चिडले, त्याच्यावर चिडले, मग पाणी तापू नये म्हणून बर्फ घालघालून आठ दिवस यंत्र चालवून शेवटची बाटली भरली. सोमवारी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या एक बाई ती तपासून औषध खरंच उतरलंय का ते सांगणार होत्या. इतकी वर्षं हसणाऱ्यांना उत्तर मिळणार होतं.

रविवारी सकाळपासून वीज गेली, बाटली ठेवलेला फ्रिज बंद. भावोजी बर्फ शोधायला बाजारात गेले, मी बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो. ताईनं दूध तापवलं आणि नासू नये म्हणून अर्कालाही सणसणीत उकळी आणली.

भावोजी बर्फ घेऊन आले तेव्हा पातेल्यातून वाफ येत होती. मी चपला शोधू लागलो. ताई धुरकटलेला चष्मा पदरानं पुसत म्हणाली, "नासला असता हो."

भावोजींनी हातातला बर्फ खाली ठेवला. "बरं केलंस," म्हणाले, आणि अंगणात जाऊन तासभर विजेवर ओरडले.

परवा गेलो तर यंत्र गुणगुणत होतं. बिया कुठून मिळाल्या म्हणून वाकून पाहिलं, तर आत ताईचा चष्मा.

"वाफेनं काचा खराब होतात," भावोजी खेकसले. "ऐकतं कोण?"